देशभक्तीचं हत्यार नेमकं कुणावर चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निवडणूक प्रचारात देशभक्तीचा हत्यार म्हणून वापर कसा होतो, त्याने मतं खरोखर फिरतात का, आणि आपल्या उमेदवारावर ‘देशविरोधी’ असा शिक्का मारला गेला तर करायचं काय? विचारणारे पुण्यातल्या एका उमेदवाराचा प्रचार सांभाळतात, म्हणून उदाहरणं शक्यतो पुण्याची घेतो. मी गेली अनेक वर्षं प्रचारपत्रकं, जाहीरनामे आणि भाषणं लिहितो. एकाच पक्षाची लिहिली असं नाही. त्यामुळे हे हत्यार घडवणारे आणि त्याचा वार झेलणारे, दोघेही जवळून पाहिलेत.

आधी उत्तराचा गाभा सांगून टाकतो. हे हत्यार मतदारावर जितकं चालतं, त्याहून जास्त समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्यावर चालतं. मतं फिरली तर ती वरकमाई. मुख्य काम असतं तोंडं बंद करणं.

सिंहगड रस्त्यावरची एखादी मोठी सोसायटी घ्या. संध्याकाळी सातच्या सुमारास आपला बूथचा पोरगा मतदार-स्लिपा आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन आत शिरतो. त्याला बोलायचं असतं टँकरबद्दल. पाणीपट्टी भरूनही सोसायटी दरमहा टँकरवाल्याला किती पैसे मोजते, हा त्याचा मुद्दा, आणि तो पाठही केलेला असतो. लिफ्टपाशी एक काका थांबवतात. ‘काय रे, तुमच्या नेत्यांना सैन्याच्या शब्दावर भरवसा नाही म्हणे? पुरावे मागतात?’ आवाज चढलेला नसतो, काका हसतच विचारतात. पोरगा म्हणतो, ‘तसं नाही ओ काका, त्यांच्या बोलण्याचा अर्थ...’ इथेच खेळ संपतो. पुढची दहा मिनिटं तो कुठल्याशा दिल्लीच्या नेत्याच्या कुठल्याशा वाक्याची बाजू मांडत राहतो. चार माणसं जमतात, एक जण मोबाइल काढून शूटिंग सुरू करतो. टँकर राहतो बाजूला. दुसऱ्या दिवशी पोरगा त्या इमारतीत वर जात नाही, पत्रकं वॉचमनच्या टेबलावर ठेवून निघतो. आणखी दोन दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या बाजूने लिहिणारे जे पाच-सहा जण असतात, तेही ‘उगाच कशाला’ म्हणून गप्प होतात.

काकांचं मत आपल्याला आधीही नव्हतं आणि नंतरही मिळालं नसतं. म्हणजे मतांच्या हिशोबात त्या संध्याकाळी काहीच घडलं नाही. पण एवढ्या मोठ्या इमारतीत आपलं नाव घेणारं कुणी उरलं नाही. कुंपणावरच्या मतदाराला एकच बाजू ऐकू येऊ लागली. प्रचार सांभाळणाऱ्यांना हे नुकसान आकड्यांत दिसत नाही. बूथचा अहवाल येतो, ‘पत्रकं वाटून झाली’. वाटून झालेली असतातच, वॉचमनच्या टेबलावर.

आता देशाबद्दल बोलणं आणि देशभक्तीचं हत्यार करणं यांतला फरक. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घराघरांत गेलं. त्याने मराठी माणसाची छाती फुगली, काँग्रेसला त्याचा फायदाही झाला असेल. तरी त्या वाक्याने शेजारच्या कुणाला देशाबाहेर काढलं नाही. त्याचं टोक सीमेकडे होतं. उलट १९०० सालची ब्रिटनमधली निवडणूक बघा. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना सत्ताधारी पक्षाने सांगितलं, सरकारची एक जागा गेली म्हणजे ती बोअरांना मिळाली. विरोधी उमेदवार आपल्याच गावचा, पण त्याला मत म्हणजे शत्रूला मत. ऑक्टोबर २०१५ मध्ये बिहारच्या प्रचारात अमित शहा म्हणाले की भाजप हरला तर पाकिस्तानात फटाके फुटतील. मधे एकशे पंधरा वर्षं गेली, सांगाडा तोच. पत्रक हातात आलं की मी एवढंच बघतो: यात शत्रू कोण आहे? सीमेपलीकडचा असेल तर ती भावना आहे, तिच्यावर वाद घालत बसू नये. तो शेजारच्या वॉर्डात राहणारा निघाला तर ते हत्यार आहे.

हे एकाच पक्षाचं वैशिष्ट्य आहे असं समजणाऱ्यांनी १९८४ च्या काँग्रेसच्या जाहिराती आठवाव्यात. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची निवडणूक, जाहिराती रेडिफ्यूजन या एजन्सीच्या. एका जाहिरातीचा आशय होता: देशाची सीमा शेवटी तुमच्या दारापर्यंत येणार का? दुसरीत विचारलं होतं की दुसऱ्या राज्याचा माणूस चालवत असलेल्या टॅक्सीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावं. कारागिरी म्हणून हे काम अव्वल होतं, आमच्या धंद्यात अजून त्याचे दाखले देतात. पण दिल्लीत शिखांची कत्तल होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या टॅक्सीवाल्याचा चेहरा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता येत असेल, हे जाहिरातीत लिहायची गरजच नव्हती. काँग्रेसला चारशेहून जास्त जागा मिळाल्या. त्याआधी आणीबाणीत काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआंनी ‘इंदिरा म्हणजे भारत’ म्हणून झालं होतं, आणि येरवड्यात डांबलेले लोक सरकारी भाषेत परकी शक्तींचे हस्तक ठरले होते.

पुण्याला हे सगळं जुनंच. गोपाळ कृष्ण गोखल्यांची १८९७ सालची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते, वय तिशीच्या आसपास. पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांत गोरे सोल्जर काय करतायत, याच्या बातम्या त्यांना इकडून पत्रांनी कळल्या आणि त्यांनी त्या तिथे जाहीरपणे मांडल्या. प्लेग अधिकारी रँडवर जूनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सरकारने पुरावे मागितले, ते गोखल्यांना देता येईनात, कारण पत्रं लिहिणारा कुणी साक्षीला उभा राहीना. परत आल्यावर त्यांनी माफी मागितली. झालं! इंग्रजांच्या लेखी ते साम्राज्याची बदनामी करणारे खोटारडे होते, आता आपल्यांच्या लेखी देशाची मान खाली घालायला लावणारे भित्रे ठरले. अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांना हे चांगलंच भोगावं लागलं. एकाच वर्षात, एकाच प्रकरणात, दोन्हीकडून शिक्का. तरी १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. माफीचं प्रकरण उगाळत बसण्याऐवजी ते जमीन महसूल आणि अर्थसंकल्प अशा आपल्या हातखंडा विषयांवर बोलत राहिले, हे मला त्यातलं शिकण्यासारखं वाटतं.

दुसरं उदाहरण संयुक्त महाराष्ट्राचं. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांना त्या काळात दिल्लीतून सतत ऐकवलं जाई की तुम्ही प्रांतवादी, देशाच्या एकीला सुरुंग लावताय. १९५७ मध्ये समितीच्या पाठिंब्यावर पुण्यातून लोकसभेला उभे होते नानासाहेब गोरे. हे गोरे १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी घेऊन गेलेले, पोर्तुगिजांचा मार खाल्लेले आणि तिथला तुरुंगवास नुकताच संपवून आलेले. अशा माणसाला देशाच्या एकीचे धडे कोण देणार? पण गंमत अशी की समितीचा प्रचार ‘आम्हीही देशभक्त’ या सुरात नव्हता. मुंबई आमची, ती द्या, आणि गोळीबारात माणसं का मारली त्याचं उत्तर द्या. विषय त्यांनी स्वतःच्या हातातून सुटू दिला नाही. गोरे निवडून आले. दहा वर्षांनी एस. एम. जोशीही याच मतदारसंघातून गेले. ही राष्ट्र सेवा दलात वाढलेली, झेंडावंदन आणि समूहगीतं रोजची असलेली माणसं. आज त्यांचा वारसा सांगणारे काही जण सभेत ‘देश’ म्हणायलाही बिचकतात आणि मग तिरंगा दुसऱ्याने पळवला म्हणून तक्रार करतात. पळवला कसला, यांनीच खाली ठेवला होता.

मतं फिरतात का, यावर धंद्यातले लोक छातीठोकपणे काहीही सांगतात, कारण त्यांना पुढचं कंत्राट हवं असतं. मी पुण्याचे आकडे सांगतो. २०१९ ची लोकसभा घ्या. १४ फेब्रुवारीला पुलवामात ४० जवान गेले, २६ तारखेला बालाकोट झालं, २३ एप्रिलला पुण्यात मतदान. भाजपचे गिरीश बापट तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. ‘बालाकोटची लाट’, सगळे म्हणाले. पण २०१४ मध्ये, बालाकोट वगैरे काही नसताना, भाजपचेच अनिल शिरोळेही तीन लाखांच्या वरच जिंकले होते. लाट असेल, पण पुण्यात ती आधीच भरलेल्या विहिरीत पडली.

त्याच वर्षीची विधानसभा आणखी बोलकी. ५ ऑगस्टला कलम ३७० गेलं आणि ऑक्टोबरच्या प्रचारात तोच मुद्दा पुढे आला. हिंमत असेल तर ३७० परत आणू असं जाहीरनाम्यात लिहा, असं आव्हान पंतप्रधानांनी जळगावच्या सभेत विरोधकांना दिलं. मधल्या काळात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं होतं. पुण्यात २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर येऊन अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात माणसं वाहून गेली होती, भिंती कोसळल्या होत्या. राज्यात भाजप १२२ वरून १०५ वर आला. या तुलनेत एक खोट आहे, कारण २०१४ ला ते स्वतंत्र लढले आणि २०१९ ला युतीत, म्हणजे कमी जागा लढवल्या. पुणे शहरात मात्र तुलना सरळ होते: दोन्ही वेळा आठही जागा लढवल्या, २०१४ ला आठ जिंकल्या, २०१९ ला सहा. हडपसर आणि वडगाव शेरी गेल्या. आता यावरून ‘पुराने ३७० ला हरवलं’ असं कुणी लिहू नये. आंबील ओढ्याकाठचा पर्वती मतदारसंघ भाजपकडेच राहिला. माझं वाचन एवढंच की मतदारसंघ जितका लहान, तितका हा मुद्दा बोथट. लोकसभेला माणूस दिल्लीकडे बघून बटण दाबतो, विधानसभेला आमदार कधी भेटतो का ते बघतो, महापालिकेला ड्रेनेज.

टिकण्याचं म्हणाल तर हे पीक फार लवकर सुकतं. डिसेंबर १९७१ चं युद्ध जिंकून मार्च १९७२ च्या विधानसभा काँग्रेसने अलगद खिशात घातल्या, आणि १९७४ उजाडेपर्यंत गुजरातेत नवनिर्माण आंदोलन, देशभर रेल्वे संप आणि बिहारमध्ये जयप्रकाश. आखाती युद्धानंतर १९९१ च्या सुरुवातीला थोरल्या बुश यांना ८९ टक्के अमेरिकनांची पसंती होती, पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. कारगिलच्या नंतर झालेल्या १९९९ च्या निवडणुकीत भाजपच्या स्वतःच्या जागा १८२ झाल्या. १९९८ मध्ये किती होत्या? १८२. वाढ झाली ती मित्रपक्षांच्या जोरावर.

१९९९ पुण्यासाठी आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला. पक्षातून गच्छंती झाली, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. सप्टेंबरमध्ये पुण्यात दोन्ही काँग्रेस एकमेकांसमोर, मतं फुटली आणि भाजपचे प्रदीप रावत खासदार झाले. ऑक्टोबरात मुंबईत दोन्ही काँग्रेसनी मिळून विलासराव देशमुखांचं सरकार बसवलं. पाच महिन्यांपूर्वी देशाच्या अस्मितेचा असलेला प्रश्न मंत्रिपदांच्या वाटपात कुठे विरघळला, ते कुणी विचारलं नाही. शिक्का मारणाऱ्याचा त्या शिक्क्यावर किती विश्वास असतो हे तपासायचं असेल, तर निकालानंतरचे दोन महिने पाहावेत.

हे घडतं कसं, आता ते. मजकूर लिहिणारा हुशार असेल तर ‘अमुक उमेदवार देशद्रोही आहे’ असं कधीच लिहीत नाही. त्यात तो कायद्याने अडकतो. तो प्रश्न विचारतो. ‘ते कुणाच्या बाजूने?’ ‘जवान सीमेवर, आणि हे कुठे?’ शेजारी उमेदवाराचा एक जुना फोटो, शक्यतो एखाद्या दर्ग्यातला नाहीतर मोर्चातला, कडेने नीट कापलेला. उत्तर वाचणाऱ्याच्या मनात तयार होतं आणि लिहिणारा हात वर करतो. हा मजकूर पक्षाच्या अधिकृत पानावर येत नाही. तो ‘एक जागरूक नागरिक’ नावाने व्हॉट्सॲपवर फिरतो, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर. अधिकृत पानावर त्याच वेळी रस्ते आणि मेट्रोचे फोटो असतात. दोन्ही कामं बहुधा एकाच खोलीत बसलेली माणसं करतात.

फ्लेक्सचं तंत्र याहून साधं. डिझायनरच्या संगणकात पंधरा ऑगस्टचं फोल्डर तयारच असतं: तिरंगी लाट, लाल किल्ला, सलाम ठोकणाऱ्या जवानाची सावली. उमेदवाराचा हात जोडलेला फोटो त्यावर चढवला की अर्ध्या तासात माल तयार. इथे कायदा माहीत असावा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ (३) मध्ये धर्म-जातीच्या नावाने मत मागण्यावर बंदी आहे हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमात राष्ट्रध्वज आणि राजमुद्रेसारख्या राष्ट्रीय प्रतीकांच्या नावाने मत मागणंही भ्रष्ट आचरण ठरवलंय, हे मी भल्याभल्या वकिलांना दाखवलेलं आहे. तिरंग्यावर काहीही छापणं किंवा लिहिणं हा १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून डिझायनर अशोकचक्र काढतो आणि नुसते तीन पट्टे ठेवतो. त्यावर वाद घालायला जागा राहते, कारण काँग्रेसचा आणि राष्ट्रवादीचा झेंडाही तिरंगीच आहे. जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, हे निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना कळवलं होतं आणि ९ मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. बरोबर महिन्याने लातूर जिल्ह्यातल्या सभेत पंतप्रधानांनी नवमतदारांना आपलं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना अर्पण करण्याचं आवाहन केलं. आयोगाने बहुमताने त्यात आचारसंहितेचा भंग नाही असं ठरवलं, अशोक लवासा या आयुक्तांचं मत वेगळं होतं. एवढ्यावरून लक्षात यावं की आयोग तुमच्यासाठी ही लढाई लढेल, या भरवशावर राहू नये.

न्यायालयाचा मार्ग तर आणखी लांबचा. निवडणूक याचिका निकालानंतर, पंचेचाळीस दिवसांत, उच्च न्यायालयात करायची. याच १२३ (३) खाली, धर्माच्या मुद्द्यावर, गाजलेली विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली १९८७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला १९९५ मध्ये. शिवाय महापालिकेला हा कायदा थेट लागू होत नाही, तिथे राज्य निवडणूक आयोगाचे नियम बघावे लागतात.

मग करायचं काय? पहिलं, स्वतःची देशभक्ती सिद्ध करायला जाऊ नका. आपल्या आजोबांचं ताम्रपत्र, चुलत्याची फौजेतली नोकरी, दोन इंच मोठा तिरंगा, यातल्या कशानेही शिक्का पुसत नाही. सिद्ध करायला निघालात की तपासायचा अधिकार समोरच्याला आहे हे तुम्ही मान्य केलंत. ‘आमचा उमेदवार माजी सैनिक आहे, आमच्यावर कोण बोट ठेवणार’ असंही काही जण म्हणतात. अमेरिकेत जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लीलँड यांचे व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गेला होता. २००२ मध्ये त्यांच्या विरोधकाने जाहिरात केली, तिच्यात ओसामा बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे दाखवले आणि देशाच्या सुरक्षेच्या प्रस्तावांना क्लीलँड कसे आडवे आले ते सांगितलं. क्लीलँड हरले.

दुसरं, गप्पही बसू नका. त्याच दिवशी, उमेदवाराच्या स्वतःच्या तोंडून, एकदाच उत्तर जायला हवं. दोन वाक्यांचं: ‘हे खोटं आहे. आणि हे आत्ताच का काढलं, तर गेल्या पाच वर्षांत इथल्या पाण्याचं काय केलं ते सांगता येत नाही म्हणून.’ त्यानंतर फक्त पाणी. हीच दोन वाक्यं प्रत्येक बूथवाल्याच्या तोंडी बसवा. लिफ्टपाशी अडवलेल्या पोराला युक्तिवाद नको असतो, सुटायला वाट हवी असते. ‘काका, दिल्लीचं दिल्लीवाले बघतील, मी तुमच्या टँकरच्या बिलासाठी आलोय, सेक्रेटरी कुठे भेटतील?’ एवढं त्याला येत असेल तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या इमारतीत चढतो. अशा वेळी पहिले दोन दिवस त्याच्याबरोबर एखादा मुरलेला कार्यकर्ता द्यावा, शक्यतो काकांच्याच वयाचा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र वाद घालू नका, तिथे कुणी जिंकत नाही.

तिसरं पुण्यात खास उपयोगी आहे. इथे दक्षिण मुख्यालय आहे, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, खडकीला दारूगोळा कारखाना, लोहगावला हवाई तळ. निवृत्त फौजी कुटुंबं शहरभर आहेत. त्यांच्याकडे जा, पण फोटोसाठी नको. समान हुद्दा समान पेन्शनमधल्या तक्रारी, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडून रुग्णालयांची बिलं थकली की कॅशलेस उपचार नाकारले जाणं, कॅन्टोन्मेंटमधल्या घरांच्या दुरुस्तीच्या परवानग्या, हे त्यांचे विषय आहेत. देशभक्तीच्या फ्लेक्सवर जवान असतो, जवानाचं पेन्शन कधीच नसतं. ते बोलायला लागा आणि मग समोरच्याला तुमच्यावर शिक्का मारणं जड जातं. २०२४ मध्ये अग्निपथवर प्रश्न विचारणाऱ्या काँग्रेसलाही आयोगाने सैन्याचं राजकारण करू नका असं बजावलं होतं. मला ते पटलं नव्हतं. भरतीच्या धोरणावर बोलणं आणि सैन्याच्या नावाने मत मागणं या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. सातारा-सांगलीच्या गावांत पोरं पहाटे चारला धावायला उठतात, त्यांच्यासाठी चार वर्षांची नोकरी हा पोटाचा प्रश्न आहे. भाषा मात्र जपून वापरा.

आणि चौथं, जे सांगितल्यावर लोक माझ्यावर चिडतात: उलटा शिक्का मारू नका. जून २०२२ नंतर महाराष्ट्रात ‘गद्दार’ हा शब्द इतका चालला की शाळकरी पोरं खेळताना वापरू लागली. ‘महाराष्ट्रद्रोही’ही त्यातलाच. नकाशा लहान केला म्हणून हत्यार बदलत नाही. पक्ष सोडला, पैसे घेतले, असा आरोप असेल तर तोच करा, कागद दाखवा. द्रोहाची भाषा सुरू केलीत की पुढच्या वेळी मोठ्या नकाशावरचा द्रोह तुमच्या गळ्यात घालताना समोरच्याला काहीच अवघड वाटणार नाही, आणि तक्रार करायला तुम्हाला तोंड राहणार नाही.

हल्ल्यात गेलेल्यांच्या बाबतीत मी कडक आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांत पुण्याचेही होते. मे महिन्यात भाजपने तिरंगा यात्रा काढल्या, काँग्रेसने जय हिंद सभा घेतल्या. दोघांनी काढाव्यात, त्यात वावगं नाही. पण मेलेल्या माणसाचा फोटो आणि उमेदवाराचा फोटो एका फ्लेक्सवर येता कामा नये, घरच्यांनी परवानगी दिली असली तरी. आठवड्याभराच्या शोकात दिलेली परवानगी ही परवानगी नसते.

शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांची तयारी आधी करून ठेवा, कारण खरा वार तेव्हाच होतो. प्रचार थांबलेला असतो, उत्तर द्यायला सभा नाही, आणि पहाटे दाराच्या फटीतून एक कागद आत सरकवलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. अशा कागदावर तो नसतो. तक्रारीचा मसुदा वकिलाकडून आधीच लिहून घ्या, फक्त तारीख आणि भाग भरायचा राहू द्या. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारींच्या ॲपवर टाका आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखीही द्या, पोच घ्या. व्हॉट्सॲपवर काही आलं तर नुसता स्क्रीनशॉट नको, ज्या फोनवर आलं तो फोन आणि तो नंबर जपा. मूळ कागदाची प्रत, तो कुठल्या इमारतीत किती वाजता सापडला याची नोंद आणि सही करायला तयार असलेला एक रहिवासी, एवढं त्याच सकाळी हातात आलं पाहिजे. दुपारपर्यंत वॉचमन झाडून ते सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकतो.